काका, बटणं फोनला नकोत, टेबलावर हवीत

गोव्यातल्या साखळी गावाहून आलेलं पत्र थोडं आवरून देते:

‘ताई, नमस्कार. माझं वय ६६. शाळेत हेडक्लार्क होतो, मराठी टायपिंगमध्ये माझा हात चांगला होता. २००९ साली घेतलेल्या नोकिया ई६३ने पुष्कळ वर्षं साथ दिली. त्याच्या बटणांवर मी न बघता मेसेज लिहायचो. तो आता बंद पडला. गेल्या चवथीला मुलाने टचचा फोन आणून दिला, त्यावर एक शब्द धड उमटत नाही. ‘तालीम’ लिहायला जावं तर ‘ताली’, ‘तलम’, काय वाटेल ते. त्यात उजव्या हाताचा अंगठा मुळाशी दुखतो. आमच्या नाट्यमंडळाच्या जुन्या संहिता हातानं लिहिलेल्या आहेत, दोन वह्या वाळवीने खाल्ल्या. उरलेल्या मला टाइप करून ठेवायच्या आहेत. भाचा बेंगळुरूला असतो, तो म्हणतो की बटणांचा फोन अजून मिळतो, मागवून देतो. म्हापशात एकाकडे जुना ब्लॅकबेरी स्वस्तात आहे. शेजारी म्हणतो, कशाला लिहिता, बोला, फोन आपोआप लिहितो. काय करू? – एक जुना टंकलेखक’

काका, नमस्कार. तुम्ही मला ताई लिहिलंत, पण मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, म्हणून काका म्हणते.

आधी उत्तर देते. भाच्याला सांगा, फोन मागवू नको. म्हापशाचा ब्लॅकबेरी तर फुकट दिला तरी घेऊ नका. मुलाने दिलेला फोनच ठेवा आणि त्याला कॉम्प्युटरचा असतो तसला साधा, मोठा कीबोर्ड जोडा. चार ओळींचा निरोप काचेवर लिहा, संहिता टेबलावर बसून दहा बोटांनी.

तुम्हाला बटणं हवीशी वाटतात, त्यात जुनाट असं काहीच नाही. बटणाला कड असते. बोट कडेवर आहे की मध्यावर हे डोळ्यांनी बघावं लागत नाही, आणि दाबलं गेलं की ‘टक्’ असं बोटालाच कळतं. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. ‘त’ कुठे संपला आणि ‘थ’ कुठे सुरू झाला हे तिथे फक्त डोळ्यांना कळतं. म्हणजे डोळ्यांना अक्षर शोधायचं, बोट नेमकं पडलं का ते बघायचं आणि वर जाऊन काय उमटलं तेही वाचायचं. आयुष्यभर न बघता टाइप केलेल्या माणसाला हे फार थकवतं. मी स्वतः सहा वर्षं बटणांचा फोन वापरला. त्याचं सुख मला ठाऊक आहे.

पण काका, एक आठवून बघा. त्या ई६३वर तुम्ही न बघता लिहायचात ते कुठल्या लिपीत? तुमच्या पत्रासोबत त्या फोनचा फोटो आहे, त्यातला शेवटचा मेसेज मी वाचला. ‘उद्या तालीम सातला, पेटीवाल्याला सांगा’ हे मराठीच आहे, पण लिहिलंय रोमी, म्हणजे इंग्रजी, अक्षरांत. तुमच्या बोटांना जी सवय आहे ती रोमीची. त्या फोनने तुमच्याकडून मराठी लिहून घेतली, देवनागरी नाही. उद्या भाच्याने नवा कोरा बटणांचा फोन आणून दिला, तरी त्याच्यावर छापलेली अक्षरं इंग्रजीच असणार. तुमच्या कामासाठी सगळं घोडं इथेच अडतं.

फोनच्या अंगावर जेमतेम सव्वीस अक्षरांची बटणं मावतात. आपली व्यंजनंच तीसच्या वर, मग स्वर, मग काना-मात्रा-वेलांट्या, अनुस्वार, पाय मोडायची खूण. ९ जानेवारी २००७ ला स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयफोन दाखवला, तेव्हा बटणांच्या फोनांविरुद्ध त्यांचा मुद्दा हाच होता की बटणं प्लॅस्टिकमध्ये एकदा बसवली की बदलता येत नाहीत, काम कुठलंही असो. इंग्रजी लिहिणाऱ्यांना तेव्हा हे फारसं पटलं नव्हतं. मराठीच्या बाबतीत मात्र तो मुद्दा शंभर टक्के खरा ठरला. काचेवर पाहिजे ती अक्षरं मांडता येतात, म्हणून आज साखळीच्या बाजारातला भाजीवाला ‘वाळपई’ हा शब्द ‘ळ’सकट लिहू शकतो. बटणांच्या काळात ही सोय आपल्यापैकी फार थोड्यांना होती. काचेचा तुम्हाला त्रास होतोय, तरी तिचे हे उपकार विसरू नका.

आता ब्लॅकबेरी. म्हापशाचा तो माणूस कुठलं मॉडेल दाखवतोय हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही सांगते. कंपनीच्या स्वतःच्या प्रणालीवर चालणारे जुने फोन असतील, तर त्यांना लागणाऱ्या सेवा ४ जानेवारी २०२२ ला बंद झाल्या. त्यानंतर त्यांच्यावर इंटरनेटच काय, कॉल आणि मेसेजचीसुद्धा खात्री उरली नाही. अँड्रॉइडवर चालणारे नंतरचे, म्हणजे २०१७चा कीवन किंवा २०१८चा कीटू असेल, तर ते बनवणाऱ्या टीसीएल कंपनीचा ब्लॅकबेरीशी असलेला करार ऑगस्ट २०२० मध्ये संपला. कीटू अँड्रॉइड ८वरच राहिला. इतक्या जुन्या प्रणालीवर पेन्शनचं, बँकेचं ॲप उघडायचं म्हणजे दाराला कडी न लावता झोपण्यासारखं आहे. आणि बॅटरी गेली तर चांगली मिळणं कठीण.

भाचा बहुधा नव्या फोनांबद्दल बोलत असावा. ते आहेत. युनिहर्ट्झ नावाची कंपनी ‘टायटन’ मालिकेतले बटणांचे अँड्रॉइड फोन काढते. २०२४ च्या सुरुवातीला ‘क्लिक्स’ नावाचं एक कव्हर आलं, ते आधी आयफोनला आणि पुढे काही अँड्रॉइड फोनांनाही खालून बसतं आणि फोनला बटणं मिळतात. दिवसभर इंग्रजी मेल लिहिणाऱ्याने, किंवा काचेवर बोट ठरतच नाही अशा माणसाने हे जरूर घ्यावं, मी कुणाला अडवणार नाही. पण तुमच्यासाठी एक गोष्ट आडवी येते, तुमचा अंगठा. फोनवरची ही सगळी बटणं अंगठ्यांनीच दाबायची असतात. फोन दोन्ही तळव्यांत धरायचा, अंगठे वाकवायचे आणि प्रत्येक अक्षराला थोडा जोर द्यायचा. मुळाशी दुखणाऱ्या अंगठ्याला याहून वाईट काम सापडायचं नाही. एकेक संहिता म्हणजे शंभर-सव्वाशे पानं. दोन प्रवेश होण्याआधीच तुम्हाला हात शेकत बसावं लागेल. अंगठा डॉक्टरांना दाखवा, ते दुखणं अंगावर काढू नका.

शिवाय आपली हवा. माझा तो सहा वर्षांचा फोन पावसातच गेला. भिजला वगैरे नव्हता, नुसत्या दमट हवेने एका बटणाखाली काहीतरी धरलं. आधी दोनदा दाबावं लागायचं, मग एकदा दाबलं की तीनदा उमटायचं. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, एक बटण बदलत नाहीत, अख्खा पट्टा बदलावा लागतो आणि तो मिळत नाही. बेंगळुरूहून मागवलेल्या परदेशी फोनचा पट्टा गोव्यात कोण देणार? टेबलावरचा कीबोर्ड बिघडला तर डिचोलीला जाऊन दुसरा आणता येतो, किंमत पाचशेच्या आतबाहेर.

वयामुळे हात चालत नाही असं तुम्ही पत्रात दोन ठिकाणी लिहिलंय, ते मनातून काढा. २०१९ साली ३७ हजारांहून जास्त लोकांचा फोनवर लिहिण्याचा वेग मोजला होता. बहुतेक तरुण, आणि लिहायचं होतं इंग्रजी. सरासरी निघाली मिनिटाला ३६ शब्द. त्याच्या आदल्या वर्षी मोठ्या कीबोर्डवर १ लाख ६८ हजार जणांचा वेग मोजला, तो निघाला ५२च्या आसपास. रात्रंदिवस फोन हातात असणारी पोरंसुद्धा फोनवर मोठ्या कीबोर्डइतकी पळत नाहीत. तुम्ही तर टाइपरायटरवरचे. तुमचा वेग दहा बोटांत आहे आणि तो अजून गेलेला नाही.

मोठ्या कीबोर्डवर मराठीसाठी मी तुम्हाला इन्स्क्रिप्ट शिकायला सांगेन. ही भारत सरकारने १९८६ मध्ये ठरवलेली मांडणी, सगळ्या भारतीय लिप्यांना जवळजवळ एकच. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. एक शब्द करून दाखवते, ‘संहिता’. स उजवीकडे एमवर. अनुस्वार डावीकडे एक्सवर. ह उजवीकडे यूवर. वेलांटी डावीकडे एफवर. त उजवीकडे एलवर. काना डावीकडे ईवर. सहा बटणं: उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा, डावा. तबल्यावर हात पडावेत तसं वाटतं. ‘प्रयोग’ घ्या: प एचवर, पाय मोडायची खूण डीवर, र जेवर, मग य, मग ओकार, मग ग. एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटा असतो, दोन्ही तर्जन्या तिथे टेकल्या की बाकीची अक्षरं डोळे मिटून सापडतात. तुम्हाला ई६३च्या बटणांत जे हवंय ते हेच आहे, आणि इथे ते देवनागरीत मिळतं.

एका ठिकाणी मात्र तुमचा जुना हात तुम्हाला फसवेल, ते आधीच सांगून ठेवते. टाइपरायटरवर दिसतं त्या क्रमाने टाइप करायचं, म्हणजे ‘हि’ लिहिताना आधी वेलांटी, मग ह. इन्स्क्रिप्टमध्ये उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे आधी ह, मग वेलांटी, ती आपोआप मागे जाऊन बसते. रफाराचंही तसंच. ‘धर्म’ला मशीनवर ध, म आणि शेवटी वरचा रफार द्यायचात. आता ध, र, पाय मोडायचा, म. पहिला आठवडाभर ‘िह’ असले विचित्र आकार उमटतील. वैतागू नका. मला तीन आठवडे लागले होते, रोज अर्धा तास, आणि माझ्या हाताला तुमच्यासारखी टायपिंगची बैठक नव्हती.

रोमीत लिहून देवनागरी मिळवायचा दुसरा मार्ग आहे, ‘ताळीम’ की ‘तालीम’ हे त्यात सूचनांमधून निवडावं लागतं. निरोपापुरता तो चालतो. पण संहितेत पात्र एखादा शब्द मुद्दाम वेगळा बोलतं, गावचा हेल लावून बोलतं, आणि यंत्र तो शब्द ‘सुधारून’ टाकतं. नाटकातली बोली अशी पुसली गेली तर वाळवीने खाल्लं काय आणि फोनने खाल्लं काय. म्हणून अक्षर नि अक्षर तुमच्या हातून गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता जोडायचं कसं. दोन प्रकार मिळतात, वायरचा आणि ब्लूटूथचा. तुम्ही वायरचा घ्या. त्याला चार्जिंग नाही, जोडणी तुटत नाही. फोनच्या तोंडाला बसणारी एक छोटी पिन लागते, दुकानदाराला ओटीजी म्हटलं की कळतं. फोन कशाला तरी टेकवून उभा ठेवायचा. दुकानात आपलाच फोन घेऊन जा, कारण दोन गोष्टी तिथेच बघायच्या आहेत. एक म्हणजे फोन वायरचा कीबोर्ड ओळखतो की नाही. दुसरी, सेटिंगमध्ये ‘फिजिकल कीबोर्ड’ असं सापडतं, तिथे देवनागरीची इन्स्क्रिप्ट मांडणी मिळते का. सगळ्या फोनांवर ती मिळतेच असं नाही, नसेल तर इन्स्क्रिप्ट देणारं ॲप घालावं लागतं. दुकानदार ‘होतं हो सगळं’ म्हणेल. तुम्ही ‘संहिता’ आणि ‘धर्म’ हे दोन शब्द तिथेच उमटवून बघा आणि मग पैसे द्या. नाहीच जमलं आणि मुलाचा एखादा जुना लॅपटॉप पडून असेल, तर तो मागून घ्या. विंडोजमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट मुळातच असतं, वेगळं काही घालावं लागत नाही. खरं सांगायचं तर शंभर पानांसाठी लॅपटॉप फोनपेक्षा बरा, डोळ्यांसाठी तरी.

काचेवरचं रोजचं लिहिणं सुसह्य करता येतं. तुमच्या फोनवर बहुधा जीबोर्ड, म्हणजे गूगलचा काचेवरचा कीबोर्ड असेल. त्याच्या सेटिंगमध्ये कीबोर्डची उंची वाढवता येते, ती सगळ्यात वर नेऊन ठेवा. बटण दाबलं की कंपन होईल असं करा, ‘टक्’ची थोडी तरी भरपाई होते. तिसरी गोष्ट फार जणांना ठाऊक नसते, आणि तुमची ‘तालीम’ची ‘तलम’ कदाचित त्यामुळेही होत असेल. टाइपरायटरवर जोर देऊन दाबायची सवय असलेली माणसं काचेवर बोट क्षणभर जास्त ठेवतात. फोनला वाटतं की दाबून धरलंय, म्हणून तो त्या बटणाखालचं दुसरं अक्षर पुढे करतो. दाबून धरण्याचा हा वेळ जीबोर्डमध्ये वाढवता येतो. मुलाला बसवून तेवढं करून घ्या. आणि फोन हातात धरून अंगठ्याने लिहू नका. टेबलावर किंवा मांडीवरच्या पाटावर ठेवा, तर्जनीने लिहा. पावसात बाहेरून आलात तर बोट आणि काच आधी पुसा. ही काच बोटातली वीज ओळखते, पाण्याचा थेंब पडला की तिला थेंब आणि बोट यांतला फरक कळत नाही.

तुमच्या रोजच्या शब्दांसाठी फोनमध्ये स्वतःचा शब्दकोश असतो. ‘रणमाले’, ‘जागर’, ‘काला’, ‘धालो’ अशी आपल्या लोककलांची नावं, गावांची नावं, मंडळातल्यांची आडनावं असे पन्नासेक शब्द एका संध्याकाळी त्यात भरून टाका. मग फोन त्यांना खोडायला बघणार नाही.

शेजाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. २०१७ पासून गूगलचं बोलून लिहिणं मराठीत चालतं, आणि ‘आज तालमीला उशिरा येतो’ असल्या निरोपाला ते उत्तम. अंगठा दुखत असेल त्या दिवशी तेच वापरा, बिनदिक्कत. संहितेला मात्र ते नको. त्याला विराम कळत नाहीत, दोन पात्रांमधली वाटणी कळत नाही, आपल्या बोलण्यात कोकणी शब्द आला की तिथे तो भलताच मराठी शब्द बसवतो. मग दुरुस्त करत बसायचं, तेही काचेवर.

आणि काका, टायपिंग शिकायला लागायच्या आधी, या आठवड्यातच, एक काम करा. उरलेल्या सगळ्या वह्यांचे पानापानाने फोटो काढून ठेवा. सकाळी पडवीत उजेड असतो तेव्हा वही सपाट ठेवून, सावली पडू न देता, एका वेळी एकच पान. समासातल्या सूचना, मागे लिहिलेली पात्रांची आणि नटांची नावं, पेटीवाल्याच्या खुणा, तेही सगळं. फोटो मुलाच्या आणि भाच्याच्या फोनवर पाठवून ठेवा, म्हणजे तीन ठिकाणी राहतील. भाच्याला काही आणून द्यायचंच असेल तर एक मजबूत स्टँड आणि चांगला कीबोर्ड आणू दे. वह्या सुकवून डब्यात ठेवा, पाऊस अजून बराच आहे. चवथीनंतर तालमी सुरू होतील तोवर पहिला अंक उतरवून झालेला असेल, असं तुमच्या पत्रातल्या अक्षरावरून मला वाटतं.

तुमच्या ई६३ची बॅटरी फुगलेली नसेल तर एकदा चार्जिंगला लावून बघा, आणि सुरू झाला तर त्यातले जुन्या मंडळींचे नंबर वहीत उतरवून घ्या. फुगली असेल तर लावू नका. सिममध्ये जेवढे असतील तेवढे नव्या फोनवर येतील.